चिठ्ठी

देवकाबाई निखाडे दवाखान्यात आल्या
की बाकड्यावरचे दोघे-तिघे शिंकतात.
कळमन्याची मिरची
त्यांच्या पदरातून, नखांतून झडत असते.
जितके किलो देठ खुडले, तितकी मजुरी.
"कंबरले आग होते जी,
मिरचीच्या हातानं खाजवलं असन."
आणि मी, पारडीतला बावीस वर्षांचा अनुभव,
खुर्चीतून न उठता म्हणाले, असेल.

डिसेंबरात एक मलम.
फेब्रुवारीत दुसरं, जरा महागाचं.

आज उठले. पडदा ओढला.
परकराची नाडी सुटायला वेळ लागला,
घामाने भिजून, सुकून गाठीचं लाकूड झालेलं.
उजवीकडे, हाडाच्या जरा वर,
चाळीस वर्षं आवळून आवळून पडलेला चर,
काळपट, गुळगुळीत,
अडत्याच्या जुन्या तराजूच्या दांडीला
साखळीने खाच पाडावी तसा.
आणि त्या चरात एक उघडं तोंड.
कडा उचललेल्या, कठीण.
दोन रुपयांच्या नाण्याहून मोठं.
बोट लावलं, तर म्हणाल्या, दुखत नाही.
माझ्या पोटात खड्डा पडला तो
त्या न दुखण्याने.

मग लेटरहेड.
प्रति, त्वचेच्या कॅन्सरचा विभाग.
वय?
"साठ लिवा. मांगच्या साली बी साठच लिवलं होतं."
कधीपासून: दिवाळीच्या आधीपासून.
लांबी, रुंदी.
जांघेत गाठ: लागल्यासारखी वाटते, खात्री नाही.
कृपया लवकर तपासावे.
'लवकर'खाली एक रेघ. मग आणखी एक.

'याआधीचे उपचार' इथे पेन थांबलं.
तिथे 'मलम देण्यात आले' एवढ्यावर भागतं.
कोणी दिलं, कोणी विचारत नाही.
इतक्या वर्षांत लिहिलेल्या माझ्या सगळ्या चिठ्ठ्यांत
ही एक ओळ कर्त्यावाचून चालत आली आहे.
लिहिलं: मी दिले. दोनदा. जागा न बघता.

"काय लिवून राहिल्या एवढं?"

वाचून दाखवलं, मराठी करत, एकेक ओळ.
तो शब्द आला तेव्हा तोही वाचला,
आवाज खाली न घेता, म्हणजे प्रयत्न तरी केला.
पंखा खडखडत होता.
बाहेर कुणीतरी शिंकलं.

"नाडीनं होते हे?"
घासून घासून. क्वचित होतं.
"सातऱ्यावर तं साऱ्याच बाया नाडी बांधतेत."
यावर माझ्याकडे काही नव्हतं.
मलमाचं त्यांनी ऐकलं होतं, बोलल्या नाहीत.
विचारलं ते दुसरंच:
"चिठ्ठी किती दिवस चालते?
हंगाम वीसक दिवस हाये अजून."

रेशनची, बँकेची, मीटरची मुदत
जन्मभर पाळत आलेल्या बाईचा रास्त प्रश्न.
चिठ्ठी चालेल हो कितीही दिवस.
"उद्या," मी म्हणाले, "उद्या सकाळी.
मेडिकल चौकात उतरायचं, नातीला सोबत न्यायचं,
आणि नाडी आता सैल. खाली, रुंद पट्टी लावून."
"सैल नेसलं तं काम कसं करू?"
पण म्हणाल्या, हो.
नातीचा नंबर त्यांना तोंडपाठ होता.
कागद सापडेना, टेबलावरच लिहिला.

चिठ्ठीची चार पदरी घडी झाली.
सवयीने हात उजव्या कमरेकडे गेला,
खोचायला.
थांबला.
मग डावीकडे.

पुढचा पेशंट सर्दीचा, आत येऊन बसलाही.
त्याचं नाव विचारायच्या आधी
मी टेबलावरचा नंबर लावून पाहिला.
वाजत होता.